पाळण्यातले बाबा, धक्क्यावरचे बाबा

पत्र थोडक्यात असं आहे. धनकवडीच्या एका 42 वर्षांच्या वाचक मैत्रिणीने लिहिलंय. त्यांचं बालपण गोखलेनगरला गेलं. वडील कारखान्यात फिटर, घरची परिस्थिती बेताची. 1992च्या मे महिन्यात, त्या 8 वर्षांच्या आणि दादा 12 वर्षांचा असताना, सगळे मालाडच्या काकांकडे राहायला गेले आणि तिथून एक दिवस मार्वेच्या धक्क्यावरून लाँचने एस्सेलवर्ल्डला. अशी सहल आयुष्यात एकदाच झाली. त्या दिवसाची त्यांची जिवापाड जपलेली आठवण अशी: मोठ्या पाळण्यात त्या भीतीने किंचाळल्या, शेजारी बसलेल्या बाबांनी त्यांच्या डोळ्यांवर हात धरला आणि पाळणा अगदी वर पोचल्यावर म्हणाले, "आता उघड."

बाबा मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी ही आठवण सांगितली, तर दादा म्हणाला, "बाबा आत आलेच नव्हते. तिकिटाचे पैसे वाचवायला ते मार्वेलाच थांबले. आपल्याला काकांनी फिरवलं." आई काही बोलली नाही, ताटं उचलायला लागली. तेव्हापासून या मैत्रिणीला झोप नाही. त्यातच गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी नवरा, 14 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा यांना एका मोठ्या थीम पार्कला नेलं होतं. 14 हजार रुपये खर्च झाले, मुलगा रोलर कोस्टर बघूनच रडला, नवरा चिडला, मुलगी मोबाइलमध्ये. येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. आता बाबांच्या आठवणीसाठी येत्या मे महिन्यात आई आणि दादाच्या कुटुंबासकट सगळ्यांना सिंगापूरला न्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी एफडी मोडावी लागेल, आणि नवरा तयार नाही. त्या विचारतात: माझी आठवण खोटी आहे का? आईला विचारू का? आणि माझ्या मुलांना अशी एक तरी आठवण मिळावी म्हणून सिंगापूरला जावं का? सोबत त्या दिवसाचा एकुलता एक फोटो पाठवलाय.

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फोटो त्याहून जास्त वेळा पाहिला. फोटोचं शेवटी बोलू, कारण त्यात मला एक गोष्ट दिसली आहे आणि ती घाईत सांगण्यासारखी नाही.

"खोटी आठवण" हे शब्द तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतात. ते आधी बाजूला ठेवू. खोटं बोलणं म्हणजे एक माहीत असून दुसरं सांगणं. तुम्ही 34 वर्षं जे डोळ्यांपुढे पाहिलंत तेच सांगत आलात. दादानेही तेच केलंय. तुम्हा दोघांतला कोणीच खोटारडा नाही, हे एकदा मनाशी पक्कं करा, म्हणजे रात्री निदान पाठ टेकता येईल.

आता तो पाळण्यातला हात कुठून आला, ते पाहू. 2002 साली अमेरिकेत ब्राउन, एलिस आणि लॉफ्टस या तीन संशोधकांनी एक प्रयोग केला होता. त्यांनी लोकांना डिस्नीलँडची एक जाहिरात वाचायला दिली. तिच्यात लहानपणी डिस्नीलँडला गेल्याचं आणि तिथे बग्ज बनी या सशाशी हात मिळवल्याचं वर्णन होतं. नंतर त्यांना स्वतःच्या लहानपणीच्या भेटीबद्दल विचारलं, तर जाहिरात वाचलेल्यांपैकी साधारण 16 टक्के लोकांनी सांगितलं की हो, आम्ही त्या सशाला तिथे भेटलो होतो. हे घडणं शक्यच नाही. बग्ज बनी डिस्नीचा नाही, तो वॉर्नर ब्रदर्सचा. डिस्नीलँडमध्ये तो कोणाला भेटणार? ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या मनाने वाचलेलं आणि जगलेलं एकत्र शिवून टाकलं होतं.

1989 साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हापासूनच्या दूरदर्शनवरच्या जाहिराती तुम्हाला आठवत असतील. आपल्या पिढीतल्या मुलांनी त्या इतक्या वेळा पाहिल्या की न गेलेल्या मुलांनाही ती जागा ओळखीची वाटायची. त्या जाहिरातींमधलं हसणारं कुटुंब नंतर आपल्या घरच्या माणसांचे चेहरे घेऊन मनात बसलं असेल, तर त्यात नवल नाही.

पण तुमच्या बाबतीत एवढंच झालं असेल असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात एक ओळ आहे. तुम्ही ती कंसात, जाता जाता लिहिली आहे: ही गोष्ट मी सांगायला लागले की बाबा हसायचे आणि म्हणायचे, "केवढी किंचाळली होतीस!"

ही ओळ पुन्हा वाचा. बाबा धक्क्यावर थांबले असतील तर त्यांनी तुमची किंचाळी ऐकली कुठे?

तुम्ही गोखलेनगरला वाढलात. चतुःशृंगीचं देऊळ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. नवरात्रात तिथे जत्रा भरते, आकाशपाळणे लागतात, आणि पुण्यातली निम्मी पोरं आयुष्यात पहिल्यांदा पाळण्यात बसतात ती त्याच जत्रेत. बेताच्या परिस्थितीतला बापही तिथे लेकीला शेजारी घेऊन बसू शकतो. माझी शंका अशी आहे की तो हात खरा आहे, "आता उघड" हे शब्द खरे आहेत, किंचाळीही खरी आहे. फक्त पाळणा वेगळा होता. तुमच्या मनाने जत्रेतले बाबा उचलले आणि त्या सगळ्यात मोठ्या दिवशी नेऊन बसवले, कारण त्या दिवशी ते शेजारी हवे होते. ही शंकाच आहे, मी काही तिथे नव्हते. पण दादाचं म्हणणं आणि बाबांचं हसणं या दोन्ही गोष्टी खऱ्या धरायच्या असतील, तर मला ही एकच जुळणी दिसते.

आणि समजा, असं काही नव्हतं. बाबा कधीच कुठल्या पाळण्यात बसले नव्हते. तरीही एक गोष्ट उरतेच. तुम्ही ही आठवण त्यांच्या देखत सांगत होतात. लग्नात सांगितली असेल, बारशाला सांगितली असेल, मुलांना झोपवताना ते शेजारच्या खोलीत असताना सांगितली असेल. इतक्या वर्षांत "अगं, मी नव्हतो तिथे" हे चार शब्द ते कधीही म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत. लेकीने आपल्याला पाळण्यात शेजारी बसवलंय, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते तिथे बसून राहिले. तुम्ही लिहिता, "मी वेड्यासारखी ते सोबत होते असं सांगत राहिले, त्यांना काय वाटलं असेल." मला विचाराल तर त्यांना फार बरं वाटलं असेल.

यातूनच मला तुमच्या दुसऱ्या एका गृहीताकडे यायचंय. बाबा धक्क्यावर थांबले याचा अर्थ त्या दिवशी त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. बिचारे एकटे बसले, उन्हात, उपाशी. हे सगळं चित्र तुम्ही गेल्या काही महिन्यांत रंगवलंय. दादाने फक्त "थांबले" एवढंच सांगितलं होतं. मार्वेच्या किनाऱ्यावर वारा असतो, मासे वाळत टाकलेले असतात, होड्या येत-जात असतात. आठवडाभर यंत्रांच्या आवाजात उभा राहणारा माणूस एक आख्खा दिवस समुद्राकडे बघत बसला, तर तो दुःखीच असेल असं कशावरून? असेलही. नसेलही. पण तुम्हाला ते माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याचा अपराध डोक्यावर घेऊन तुम्ही जागताय.

बाबांनी त्या दिवशी काहीतरी ठरवलं होतं, आणि ते ठरवणं त्यांचं होतं. ते त्यांच्याकडेच राहू द्या.

आता दादा. तुम्हाला वाटतंय की त्याने तुमच्याकडून काहीतरी हिसकावून घेतलं. मी त्याच्या जागेवरून पाहायचा प्रयत्न केला. तो 12 वर्षांचा होता. त्या वयाला पैशांचं कळतं. बाबा का थांबले ते त्याला धक्क्यावरच कळलं असेल आणि बहिणीला सांगायचं नाही, हेही कोणीतरी नजरेने सांगितलं असेल. तुम्ही आत हुंदडत होतात तेव्हा तो काय घेऊन फिरत होता? आणि पुढे इतकी वर्षं घरात दर वेळी पाळण्याची गोष्ट निघाली की तो गप्प बसत आला. वर्षश्राद्धाच्या दिवशी, बाबा नसताना, ते त्याच्या तोंडून निसटलं. मला त्यात कुरघोडी दिसत नाही. त्याचेही बाबा गेलेत, आणि त्याच्याकडचे बाबा धक्क्यावर उभे आहेत. तुम्ही ज्या मायेने पाळण्यातले बाबा जपलेत, त्याच मायेने त्याने ते जपलेत.

म्हणून त्याला फोन करा. कोण बरोबर ते ठरवायला नव्हे. फक्त विचारा, "आपण परत आलो तेव्हा बाबा कुठे होते? तुला पहिल्यांदा कुठे दिसले?" आणि तो सांगेल ते ऐका. मध्ये "पण मला तर आठवतंय की" असं म्हणू नका. भावंडांच्या आठवणी समोरासमोर ताडून पाहायच्या नसतात, एकाशेजारी एक ठेवायच्या असतात. इतरही बरेच वाचक मला असंच लिहितात: आई-वडील गेल्यावर भावाबहिणींत जमिनीवरून, दागिन्यांवरून भांडणं होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण "आई तशी नव्हतीच" किंवा "बाबांनी असं कधी केलंच नाही" यावरून धरलेले अबोले कमी नसतात, आणि ते जास्त खोल जातात. तुमच्याकडे अजून अबोला नाही. तेवढ्यात बोला.

आईला विचारायचं का, तर हो. पण "खरं काय ते सांग" असं नको. तसं विचारलंत की तिला तुमच्या दोघांत निवाडा करावा लागेल, आणि कुठलीही आई तो टाळेल. त्या दिवशी ताटं उचलायला लागली ती त्याचसाठी, असं मला वाटतं. सगळे जमलेले असताना तर नकोच. दुपारी, दोघीच असताना, तिच्या हाताला काहीतरी काम असू द्या. भाजी निवडताना माणसं जे बोलतात ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलत नाहीत. ती परवानगी देईल तर मोबाइलवर तिचा आवाज टिपून ठेवा. आणि नाही बोलली, तर विषय सोडून द्या. तिचाही नवरा गेलाय.

आता मुलांचं. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हे पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की आई-बाबांच्या पत्रांत हाच सूर असतो: आम्ही एवढं करतो, मुलांना काही आठवणार आहे का?

दिवाळीच्या सहलीबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, आणि ती सहल फसली हे ठामपणे सांगितलंत. पण त्याच दोन पानांत असंही आहे: नवरा आणि मुलगी रोलर कोस्टरच्या रांगेत गेले, आणि तुम्ही धाकट्याला घेऊन खाली बाकावर बसलात, सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत. तासभर. दोघांनी एक मक्याचं कणीस वाटून खाल्लं. त्याने समोर दिसणाऱ्या प्रत्येक राइडला स्वतःच्या मनाने नाव दिलं. एकीला "मिक्सर", एकीला "आजीचं जातं".

म्हणजे तुम्हीही आत गेला नाहीत. त्या तासाभरात तुम्ही दुःखी होतात का? वाचताना तरी मला तसं वाटलं नाही. सगळ्या पत्रात तेवढाच एक परिच्छेद तुम्ही हसत लिहिलाय.

मुलांना काय आठवतं यावर एक जुना अभ्यास आहे, आणि तो नेमका थीम पार्कचाच आहे. 1991 साली हॅमंड आणि फिवुश या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. फ्लोरिडातल्या डिस्नीवर्ल्डला तीन-चार वर्षांची असताना जाऊन आलेल्या 48 मुलांशी त्यांनी सहलीबद्दल गप्पा मारल्या. काहींशी सहा महिन्यांनी, काहींशी दीड वर्षाने. एवढ्याशा मुलांनाही बरंच काही आठवत होतं, आणि ते बरोबरही होतं. पण ज्यांच्या घरी सहलीनंतर त्याबद्दल जास्त बोलणं झालं होतं, त्या मुलांना जास्त आठवत होतं. सहल संपून सगळे घरी आल्यावर, जेवताना, झोपताना, पाहुण्यांना सांगताना जे बोलणं होतं, त्यात आठवण तयार होत असते. तिकीट काढतो तेव्हा फक्त कच्चा माल घेऊन येतो.

हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो. रविवारी आजोबा मला पेशवे पार्कात न्यायचे. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी 1956 साली सुरू झालेली, म्हणजे ती माझ्याहून मोठी. आजीचे गुडघे धरलेले, ती कधीच आली नाही. पण आम्ही परत आलो की ती तांदूळ निवडत बसलेली असायची, आणि ताटातून नजर वर न काढता विचारायची, "वाघ काय करत होता आज?" मी म्हणायचे, झोपला होता. "कुठल्या कुशीवर?" मग मला आठवावं लागायचं. पुढच्या रविवारी मी पिंजऱ्यापुढे उभी राहून वाघ कुठल्या कुशीवर झोपलाय ते आजीसाठी बघून ठेवायचे. तो वाघ कधीचाच गेला. पार्कातले प्राणीही पुढे कात्रजला हलवले, 1999 साली सुरू झालेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात. पण पंजा पिंजऱ्याच्या गजाबाहेर टाकून डाव्या कुशीवर झोपलेला वाघ मला आत्ताही दिसतो, आणि तो मला कधी पार्कात न आलेल्या आजीने दिलाय.

म्हणून सांगते, दिवाळीची सहल अजून संपलेली नाही. गाडीत कोणी बोललं नाही, ठीक आहे. सगळे दमले होते, पोटं बिघडली होती, एवढे पैसे गेल्याचा राग होता. पण नंतरच्या महिन्यांतही त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोललं नाही, असं तुम्ही लिहिता. तो विषय तुम्हीच मिटवून टाकलात. फसलेली सहल म्हणून तिच्यावर पडदा टाकलात. तो उचला. धाकट्याला विचारा, आजीचं जातं कुठल्या राइडला म्हणाला होतास रे? मुलीला विचारा, वर गेल्यावर आधी काय दिसलं? "मजा आली ना?" असं विचारू नका. त्याला "हो" म्हणून मुलं सुटतात. "मग काय झालं?" असं विचारलं की त्यांना सांगावं लागतं. 14 वर्षांची मुलगी पहिल्या खेपेला खांदे उडवेल. उडवू दे. धाकटा चुकीचं सांगायला लागला की ती आपोआप बोलेल, थोरल्या भावंडांना चूक सहन होत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही त्या दिवशी 312 फोटो काढलेत. माझा फोटोंना विरोध नाही, पण 2014 साली लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या त्यांना नंतर कमी आठवल्या. नुसत्या पाहिलेल्या जास्त. कॅमेऱ्याने घेतलंय म्हटल्यावर मन सुट्टी घेतं. गंमत अशी की ज्यांनी वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, त्यांच्या आठवणीला तोटा झाला नाही. तेव्हा पुढच्या वेळी फाटकापाशी सगळ्यांना ओळीत उभं करण्याऐवजी धाकट्याच्या हातातल्या अर्ध्या कणसाचा एक फोटो काढा. आणि त्या 312 मधले दहा फोटो मुलांना निवडू द्या, छापून आणा, मागे तारीख आणि दोन ओळी त्यांनाच लिहू द्या. सुट्टीतली एक संध्याकाळ त्यात छान जाते.

नवऱ्याचं "एवढे पैसे भरलेत, बस" हे मला कळतं. माझ्याही तोंडून ते निघून गेलेलं आहे. पण तिकिटाचे पैसे घाबरलेल्या मुलाला राइडवर बसवून वसूल होत नाहीत. घरून निघण्याआधीच प्रत्येकाने आपल्याला हव्या त्या दोन गोष्टी सांगाव्यात आणि बाकी काही झालं नाही तरी चालेल असं सगळ्यांनी मान्य करावं. आणि सगळे दमून चिडण्याच्या तासभर आधी निघावं. शेवटच्या तासातल्या कुरबुरीने आधीच्या आठ तासांवर पाणी पडतं.

सिंगापूरचं थोडक्यात. एफडी मोडून जाऊ नका. नवरा नाही म्हणतोय तो कंजूषपणा नाही, त्याचं ऐका. तुमच्या आई 72 वर्षांच्या, जिना चढताना दोनदा थांबतात असं तुम्हीच लिहिलंय. तिथल्या सेंटोसा बेटावरच्या थीम पार्कात दिवसभर उभं राहणं आणि रांगा, तेही नऊ माणसांची मोट बांधून, आणि प्रत्येक क्षणी तुमच्या मनात "हे बाबांसाठी आहे, हे अविस्मरणीय झालंच पाहिजे." दिवाळीला चौघांवर हे ओझं होतं, आता ते नऊ जणांवर येईल. सिंगापूर चांगलंच आहे. कधीतरी, साठवलेल्या पैशांनी, नुसती मजा करायला जा. बाबांच्या नावाने नको.

बाबांच्या नावाने काही करायचंच असेल तर मार्वेला जा. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे, पण मार्वेचा धक्का आहे तिथेच आहे. मार्वे ते मनोरी होडी आजही चालते, पाच-दहा मिनिटांचं अंतर. पुण्याहून रेल्वेने दादर, लोकलने मालाड, पुढे बस किंवा रिक्षा. आईंना झेपेल अशा बेताने, मालाडला एक रात्र मुक्काम करून. तुम्ही, दादा, आई, हवी तर मुलं. मुलांना होडीतून मनोरीला जाऊन येऊ द्या, आणि तुम्ही तिघं धक्क्यावर थांबा. बाबांनी दिवसभर काय पाहिलं असेल ते एकदा बसून पाहा. काही बोलायची गरज नाही.

आणि आईंना एवढा प्रवास नको असेल, तर पुण्यात काय कमी आहे? फुलराणी आहे, शेजारी सारसबाग आहे, बाहेर भेळ आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जायचं तर बुधवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या धनकवडीहून तर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. परत आल्यावर आजीने नातवंडांना विचारायचं, वाघ कुठल्या कुशीवर होता.

आता फोटो.

तुम्ही लिहिलंय की हा फोटो बाबांनी काढला असंच तुम्ही धरून चालला होता, म्हणून ते त्यात नाहीत. आता दादा म्हणतो तो काकांनी काढला. फाटकासमोर आई, काकू, चुलतभाऊ, दादा आणि पुढे तुम्ही. फुलाफुलांचा फ्रॉक, दोन वेण्या, उन्हाने डोळे बारीक केलेले. तुम्ही हा फोटो बाबा कुठे आहेत ते शोधत पाहिला असणार. मी तो भिंगातून पाहिला, कारण मला तुमचा डावा हात जरा विचित्र वाटला. तुम्ही तो कोपरात वाकवून पोटाशी धरलाय, काहीतरी पडू नये म्हणून धरतात तसा.

त्या हातावर घड्याळ आहे. मोठ्या माणसाचं, गोल डायलचं, धातूच्या पट्ट्याचं. मनगटावर राहत नव्हतं म्हणून कोणीतरी ते वर सरकवून पार कोपराजवळ बसवलंय. आठ वर्षांच्या मुलीला असं घड्याळ कोणी विकत घेऊन देत नाही. शेजारी दादाचे दोन्ही हात मोकळे आहेत, आणि आईच्या मनगटावर तिचं स्वतःचं छोटं घड्याळ दिसतंय.

ते काकांचं असू शकतं. मी तर्क करत नाही, तुम्हीही करू नका. आईंकडे जाल तेव्हा हा फोटो आणि एक भिंग घेऊन जा. पाळण्याचं काही बोलू नका, तिकिटाचंही नको. भाजी निवडून होत आली की फोटो तिच्या हातात द्या, हातावर बोट ठेवा आणि विचारा, "आई, हे घड्याळ कोणाचं गं?"